सर्व्हरवरील अंमल : पुण्यातील एका निवडीची हकीकत

मुठेच्या काठचे वारजे हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याच्या अवघी दोन वर्षे आधी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकासाठी इंटरनेट खुले केले होते. आणि या दोहोंच्या मधल्या काळात, १९९६ च्या एप्रिलमध्ये, अपाची नावाचा एक विनामूल्य वेब-सर्व्हर जगातील संकेतस्थळांच्या मोजदादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला होता. या तीन घटनांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध काही नव्हता. परंतु आज वारजे-माळवाडीच्या भाड्याच्या सदनिकांतून राहणारे आणि परदेशस्थ सर्व्हरांच्या देखभालीवर चरितार्थ चालविणारे जे तरुण-तरुणी दिसतात, त्यांच्या व्यवसायाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या तिन्ही घटनांची नोंद प्रारंभीच करावी लागते. गाव शहरात आले, कात्रजहून देहूरोडकडे जाणाऱ्या बाह्यवळण मार्गाने ते हिंजवडीला जोडले गेले, शेजारच्या कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून मुलींना संगणकाचे शिक्षण देत होतेच, आणि भाडे कोथरूडपेक्षा काहीसे हलके. एवढ्या अनुकूलतेवर एक संपूर्ण व्यवसाय येथे वस्तीला आला.

वेब-सर्व्हर चालवावयाचा तर त्याच्या तळाशी कोणती ऑपरेटिंग सिस्टिम असावी, हा या व्यवसायातला मूळ प्रश्न. तो वरकरणी निव्वळ तांत्रिक दिसतो, आणि बहुधा तसाच मांडलाही जातो : कोणती प्रणाली वेगवान, कोणती सुरक्षित, कोणती स्वस्त. परंतु गेल्या तीस वर्षांत पुण्यासारख्या शहरात ही निवड प्रत्यक्षात कशी होत आली हे पाहू गेल्यास, गुणदोषांच्या तुलनेला तीत फारच थोडा वाव मिळाल्याचे दिसते. हाताशी असलेल्या माणसांना आधीच काय शिकवून ठेवले होते, हजारो मैलांवरच्या यंत्रापर्यंत पोचणारी तार किती रुंद होती आणि प्रणाली देणाऱ्याने तिची डागडुजी किती वर्षे करण्याचा शब्द दिला होता, यांवरच बहुतेक निर्णय झाले. आणि ते तसे झाले हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

आधी शिक्षणाचे पाहू. युनिक्स या प्रणालीचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतला. तिचे कर्ते केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ज्या एटी अँड टी कंपनीच्या पदरी होते, तिला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे दूरध्वनीव्यतिरिक्त अन्य व्यापारात उतरण्याची मुभा नव्हती. म्हणून ही प्रणाली मूळ संहितेसह विद्यापीठांना अल्प मोबदल्यात मिळत गेली, आणि बर्कली येथील विद्यापीठात तिची एक स्वतंत्र शाखाच निर्माण झाली. आपल्याकडे १९७८ मध्ये आयबीएम कंपनी देश सोडून गेल्यावर देशी कारखानदारांना स्वतःच्या यंत्रांसाठी प्रणाली शोधणे प्राप्त होते, आणि कोणा एका यंत्राशी न बांधलेली युनिक्स त्यांच्या गरजेला नेमकी उतरली. पुढे रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांचे दफ्तर संगणकावर जाऊ लागले, तेव्हा कित्येक शाखांतून एस्सीओ कंपनीच्या युनिक्सवर खातेवह्या चालू लागल्या. बँकेतील कारकुनाला हिरव्या अक्षरांच्या पडद्यामागे कोणती प्रणाली आहे हे माहीत असण्याचे कारण नव्हते. परंतु ती प्रणाली बसविणारा, बिघडल्यास धावून येणारा असा एक कुशल वर्ग त्यातून तयार झाला, आणि त्या वर्गाने पुढच्या पिढीला हाताखाली घेतले.

पुण्याच्या बाबतीत यात आणखी भर पडली ती संस्थांची. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू केले. मुंबईची एनसीएसटी ही संस्था त्याच्या अग्रभागी होती, आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही १९८८ साली स्थापन झालेली खगोलशास्त्राची संस्था पुढे पुण्यातील त्याचे केंद्र बनली. त्याच वर्षी विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक उभे राहिले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्या घराण्यातील पुढचा ‘परम १००००’ १९९८ मध्ये सन कंपनीच्या सोलॅरिसवर, म्हणजे युनिक्सच्याच एका अवतारावर, चालत होता. ताऱ्यांची निरीक्षणे करणारा शास्त्रज्ञ असो की महासंगणकासाठी संहिता लिहिणारा अभियंता असो, दोघांच्याही बोटांना एकाच कुळातल्या आज्ञांचे वळण पडले होते.

आणि मग विदेश संचार निगमाची ‘शेल’ खाती आली. चित्रांसह वेब पाहावयाचे तर महागडे खाते घ्यावे लागे, ते सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे होते. विद्यार्थ्याच्या वाट्याला स्वस्तातले खाते येई, आणि त्या खात्यात दूरध्वनीवरून जोडणी लागली की समोर उभा राही तो निगमाच्या युनिक्स यंत्राचा कोरा, काळा पडदा. पत्र वाचावयाचे तर पाइन, वेबची पाने पाहावयाची तर लिंक्स, दोन्ही निव्वळ अक्षरांत. या खात्याला त्या काळी लोकांनी पुष्कळ नावे ठेवली. परंतु जो मुलगा चित्रे पाहावयास मिळत नाहीत म्हणून खट्टू होत असे, तोच नकळत परक्या यंत्रात शिरणे, तेथील फाइली पाहणे, त्यांवरील परवानग्या बदलणे हे सारे शिकत होता. आणि एकाच यंत्रावर शेकडो माणसे एकमेकांच्या वाटेत न येता कशी नांदू शकतात, हा वेब-सर्व्हरचा पहिला धडा त्याला निगमाच्या खर्चाने मिळत होता. एखाद्या सरकारी महामंडळाने केलेल्या अनवधानी लोकशिक्षणाचे याहून मोठे उदाहरण मला आठवत नाही.

वेबचा पहिला सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर चालविला, आणि त्या संगणकाची प्रणालीही युनिक्सच्याच वंशातील होती. इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रातून १९९३ मध्ये निघालेल्या सर्व्हरवर ठिकठिकाणच्या वापरकर्त्यांनी आपापली ठिगळे लावली, ती एकत्र करून १९९५ मध्ये अपाची सिद्ध झाला. त्याची रचना युनिक्सच्या प्रकृतीला धरून होती. येणाऱ्या प्रत्येक मागणीसाठी तो एकेक स्वतंत्र प्रक्रिया राबवी. युनिक्समध्ये एका प्रक्रियेपासून तिच्यासारखीच दुसरी निर्माण करणे अत्यंत स्वस्त असते, कारण दोघींची स्मृती प्रथम सामाईकच राहते आणि ज्या पानात बदल होईल तेवढ्याचीच प्रत काढली जाते. विंडोज एनटीमध्ये नवी प्रक्रिया उभी करणे त्या मानाने जड असल्यामुळे २००२ साली अपाचीची दुसरी आवृत्ती येईपर्यंत तो विंडोजवर कधी मोकळेपणाने नांदला नाही. त्यामुळे ज्याला अपाची हवा होता त्याच्या प्रणालीचा निर्णय जवळजवळ झालेलाच असे.

पण पुण्याच्या दृष्टीने याहून निर्णायक ठरली ती तार. नव्वदीच्या दशकात पुण्याच्या एखाद्या कारखान्याने वा वृत्तपत्राने संकेतस्थळ काढले, तरी त्याचा सर्व्हर प्रायः पुण्यात नसे. तो अमेरिकेतील एखाद्या भाड्याच्या यंत्रावर असे, कारण तेथे जागा आणि जोडणी दोन्ही स्वस्त होत्या आणि येथून देशाबाहेर जाणारी वाट अरुंद व महाग होती. सेकंदाला ९,६०० बिट वाहणाऱ्या दूरध्वनीच्या तारेवरून पुण्यात बसून त्या यंत्राचा कारभार पाहावयाचा होता. आता ज्या प्रणालीचा सारा कारभार अक्षरांनी चालतो तिला अशी तार पुरते. एक आज्ञा म्हणजे वीस-पंचवीस अक्षरे, तिचे उत्तर म्हणजे फार तर पडदाभर मजकूर. उलट जिचा कारभार खिडक्या, कळा आणि चित्रे यांवर आधारलेला आहे, तिचा एकेक पडदा त्या तारेवरून उतरता उतरता माणसाची दमछाक होई, आणि मध्येच दूरध्वनी तुटला तर पुन्हा पहिल्यापासून. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या टाटू यलोनेन यांनी एसएसएच हे साधन निर्माण केल्यावर ही अक्षरांची वाट सुरक्षितही झाली. अक्षरांची प्रणाली निवडण्यात पुण्याच्या अभियंत्यांची काही उच्च अभिरुची होती असे नव्हे. त्यांच्या वाट्याला आलेल्या तारेवर दुसरे काही चालणे कठीण होते.

युनिक्स-कुळातीलच कोणती प्रणाली घ्यावी, हा पुढचा प्रश्न. सोलॅरिस आणि एस्सीओ यांना पैसे मोजावे लागत. उरली बर्कलीची शाखा आणि लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलेली लिनक्स. माझ्या मते १९९५-९६ च्या सुमारास जाळ्यावरच्या कामात बर्कलीकडील फ्रीबीएसडी ही अधिक परिपक्व होती, आणि मोठा भार वाहणाऱ्यांना ते कळतही होते. हॉटमेल ही विनामूल्य टपालाची सेवा जुलै १९९६ मध्ये सुरू झाली, तिचे दर्शनी सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालत. तिचे एक संस्थापक सबीर भाटिया यांचे आरंभीचे शिक्षण पुण्याच्या बिशप्स शाळेत झाले होते. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतल्यावरही ते सर्व्हर विंडोजवर नेण्यास २००० साल उजाडले. परंतु बर्कलीच्या संहितेवर १९९२ मध्ये एटी अँड टीच्या बाजूने जो दावा दाखल झाला, तो १९९४ च्या आरंभी मिटेपर्यंत तिच्या मालकीविषयी संशय राहिला. आणि नेमक्या त्या दोन वर्षांत लिनक्सने आपले पाय रोवले. ३८६ यंत्रावरची बर्कली प्रणाली वेळेवर हाती आली असती तर आपण लिनक्सला हात घातलाच नसता, असे खुद्द टॉर्व्हाल्ड्स यांनी पुढे सांगितले आहे. लिनक्सला १९९२ पासून जीपीएल ही सनद लाभली होती, तिच्यान्वये संहिता कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी, मात्र वाटताना पुढच्यालाही तोच हक्क द्यावा, असे बंधन होते. आणि अशा सनदेच्या बळावरच पीसीक्वेस्ट या मासिकाला १९९६ मध्ये लिनक्सची तबकडी अंकासोबत वाचकांच्या हाती देता आली. सहाशे मेगाबाइटांचा जो ऐवज दूरध्वनीवरून उतरविण्यास कित्येक दिवस लागले असते, तो रस्त्यावरच्या पुस्तकाच्या टपरीवर मिळू लागला.

तबकडी हाती आल्यावर पुढे काय होई, ते त्या काळच्या कोणाही अभ्यासकाला विचारावे. यंत्र सुरू होताना लिलो नावाचा एक लहानसा कार्यक्रम प्रणालीला हाक मारून उठवी, आणि उठविण्याचा एकेक टप्पा पार पडला की आपल्या नावाचे एकेक रोमन अक्षर पडद्यावर उमटवी. चारही अक्षरे उमटली तर सारे क्षेम. पहिल्या ‘एल’वर थबकला तर दुसऱ्या टप्प्याची संहिताच हार्डडिस्कवरून उचलता आली नाही, ‘एल’ आणि ‘आय’ उमटून थांबला तर ती उचलली गेली पण चालू होऊ शकली नाही, म्हणजे बहुधा हार्डडिस्कच्या मोजमापाविषयी यंत्राचे आणि लिलोचे मतैक्य नव्हते, तीन अक्षरांवर थांबला तर नकाशाच्या फाइलीत दोष. जुन्या यंत्रांना डिस्कच्या पहिल्या १,०२४ सिलिंडरांपलीकडचे काही सुरुवातीला वाचता येत नसे, म्हणून जाणते लोक डिस्कच्या आरंभीच एक छोटा विभाग राखून लिनक्सचा गाभा त्यात ठेवीत. अपुऱ्या उमटलेल्या नावावरून रोगाचे निदान करण्याची ही विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हती. ती मिळे एकमेकांकडून. आणि त्यासाठीच पुण्यातील लिनक्स वापरकर्त्यांचा गट जमू लागला, ज्याच्या सभा मॉडेल कॉलनीतील सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत वर्षानुवर्षे भरत आल्या. अशा सभेत ज्याचे यंत्र ‘आय’वर अडले होते त्याला तासाभरात उत्तर मिळे. फ्रीबीएसडी कितीही सरस असली तरी तिच्यासाठी असा शेजार पुण्यात उभा राहिला नाही, आणि ज्या प्रणालीला शेजार आहे ती घ्यावी, हा व्यवहाराचा निर्णय होता.

विंडोजविषयी या वर्तुळात जे तुच्छतेने बोलले जाई ते मला कधी पटले नाही. गल्लोगल्लीच्या शिकवणी वर्गांतून व्हिज्युअल बेसिक शिकून बाहेर पडलेल्या हजारो मुलांना मायक्रोसॉफ्टच्या एएसपी या साधनाच्या साहाय्याने आठवडाभरात चालते संकेतस्थळ उभे करता येई, लहान कारखानदाराचे हिशेब विंडोजवरच असत, आणि त्याच्या मालाची यादी वेबवर दाखवावयाची तर त्याच प्रणालीचा सर्व्हर घेणे शहाणपणाचे होते. पण जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ नावाच्या किड्याने मायक्रोसॉफ्टच्या वेब-सर्व्हरमधील एका छिद्रातून एका दिवसात साडेतीन लाखांवर यंत्रे ग्रासली, आणि सप्टेंबरात ‘निमडा’ त्याच्या पाठोपाठ आला. वस्तुतः कोड रेडच्या छिद्रावरचा उपाय कंपनीने महिनाभर आधी, १८ जूनला, प्रसिद्ध केला होता. तो लावला गेला नव्हता, एवढेच. त्याच वर्षी रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवर ‘रामेन’ आणि पुढच्या वर्षी अपाचीवर ‘स्लॅपर’ अशी संकटे लिनक्सवरही आलीच. दोष प्रत्येक प्रणालीत निघतो. तो बुजविण्याची सवय ज्याच्या घरी आहे, त्याचा सर्व्हर टिकतो.

आता मुदतीची गोष्ट, जी मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत महत्त्वाची वाटते. २००० नंतर संकेतस्थळांना जागा भाड्याने देण्याचा धंदा फोफावला, परदेशी कंपन्यांची रात्रपाळी महाराष्ट्रातील मुलांनी उचलली. नाशिकला २००५ मध्ये स्थापन झालेली ईएसडीएस ही याच काळाची निर्मिती. या धंद्यात संकेतस्थळांचा कारभार पाहणाऱ्या सीपॅनेल या साधनाचे राज्य होते, आणि त्या साधनाची भिस्त मुख्यतः रेड हॅटच्या कुळावर होती; म्हणजे प्रणालीची निवड तिच्यावर बसणाऱ्या साधनाने करून टाकली. रेड हॅटने आपली विनामूल्य आवृत्ती २००४ च्या एप्रिलनंतर सांभाळणे थांबविले, तेव्हा तिच्या सशुल्क आवृत्तीच्या खुल्या संहितेवरून सेंटओएस ही हुबेहूब विनामूल्य प्रणाली स्वयंसेवकांनी सिद्ध केली. प्रत्येक आवृत्तीची डागडुजी कित्येक वर्षे, पुढे पुढे तर सुमारे दहा वर्षे, पैशाची मागणी नाही, आणि आज शिकलेले उद्याही उपयोगी. वारजे-कर्वेनगरच्या खोल्यांतून एक अख्खी पिढी या प्रणालीवर तयार झाली.

८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की सेंटओएस ८ ची मुदत, जी २०२९ च्या मेपर्यंत सांगितली होती, ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. सेंटओएस तोवर जिच्या छत्राखाली आली होती त्या रेड हॅटनेच हे जाहीर केले; तिचे एक मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यातच आहे, भारतीय लिप्यांसाठी लोहित हे मुक्त टंक वाटून तिने मराठीवर उपकारही केले आहेत, आणि आपली सशुल्क प्रणाली विकण्याचा तिचा हक्क निर्विवाद आहे. तरीही दिलेली मुदत मध्येच तोडणे हे कायद्यात बसले तरी विश्वासाच्या व्यवहारात बसत नाही, असे मला वाटते. कारण त्या मुदतीवर हवाला ठेवून माणसांनी ग्राहकांना आपले शब्द दिलेले होते. सनदेने संहिता मोकळी ठेवली होती म्हणूनच यातून वाट निघाली. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन प्रणाली २०२१ मध्ये त्याच संहितेवरून उभ्या राहिल्या. रॉकीच्या मागे सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर होते.

सेंटओएसवरून स्थलांतराचे ते वर्ष या परिसरातल्या लहान कचेऱ्यांनी कसे काढले, ते बाहेरच्या माणसाला सहसा कळले नाही. ग्राहक इंग्लंडचा असेल तर त्याच्या मध्यरात्री आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार. तीच कामाची वेळ. प्रथम यंत्राची संपूर्ण प्रत काढावयाची, ती दुसरीकडे उघडून खरोखर चालते का ते पाहावयाचे, मग स्थलांतराची संहिता चालवावयाची. ती एकेका पॅकेजची जुनी मोहोर काढून नवी लावीत जाते, आणि पडद्यावरून शेकडो नावे सरकत असताना करण्यासारखे काहीच नसते. नंतर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावयाचे. सर्व्हर सात समुद्रांपलीकडे, त्याचा पडदा दिसत नाही, कळ दाबता येत नाही. दुसऱ्या खिडकीत पिंग चालू ठेवून उत्तराची वाट पाहावयाची. मिनिट, दीड मिनिट, दोन मिनिटे, आणि मग उत्तराच्या ओळी पुन्हा सुरू होतात. अपाची जागा झाला का, टपाल जाते का, ग्राहकाचे दुकान उघडते का, हे तपासून रोजनिशीत नोंद केली की पुढचे यंत्र. तोवर खाली चहाची टपरी उघडलेली असते आणि बाह्यवळणावर हिंजवडीच्या बसगाड्या सुरू झालेल्या असतात.

या अनुभवाने निवडीची रीत बदलली. एखादी मोठी कंपनी पाठीशी आहे म्हणून पूर्वी जी प्रणाली निर्धास्तपणे घेतली जाई, तिच्याविषयी आता आधी विचारले जाते की निर्णय कोणाच्या हाती आहेत. म्हणून स्वयंसेवकांच्या संघटनेने १९९३ पासून चालविलेली आणि १९९७ पासून लेखी सामाजिक कराराने बांधलेली डेबियन, जी पूर्वी आडमुठी म्हणून मागे ठेवली जात असे, तिच्याकडे कित्येक कचेऱ्या वळल्या. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपली संहिता मुख्यतः ग्राहकांपुरती उपलब्ध ठेवण्याचे ठरविल्यावर हा कल आणखी पक्का झाला. मायक्रोसॉफ्टनेही आपली साधने विंडोजपुरती ठेवण्याचा हट्ट सोडला आहे. २०१६ पासून तिची डॉटनेट प्रणाली लिनक्सवर चालते, म्हणजे एएसपीच्या काळात जो निर्णय अटळ होता तो आता तसा राहिलेला नाही.

तारेचे कारणही आता उरले नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेचे ‘मध्य भारत’ केंद्र २०१५ मध्ये पुण्यातच उघडले आणि पुढच्या वर्षी ॲमेझॉनने मुंबईत आपले केंद्र थाटले. जो सर्व्हर वीसेक वर्षे अमेरिकेत राहून पुण्याच्या आज्ञा ऐकत होता, तो पुण्यात येऊन बसला. आणि त्या अझूरवरच्या भाड्याच्या यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक लिनक्सवर चालतात, हे खुद्द त्या कंपनीनेच सांगितले आहे. आज वारज्यातील एखादी मुलगी नवा सर्व्हर मागविते तेव्हा तिच्यासमोर प्रणालींची लांबलचक यादी येते, आणि तार कितीही रुंद असली तरी ती अक्षरांचाच पडदा उघडते, कारण आज्ञा लिहून ठेवता येतात, पुन्हा चालविता येतात आणि सहकाऱ्याला पाठविता येतात. यादीतून निवड करताना ती वेगाचे आकडे क्वचितच पाहते. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत, डेबियन १२ ला दीर्घ मुदतीच्या डागडुजीसह २०२८ च्या जूनपर्यंत, अल्मालिनक्स ९ ला २०३२ च्या मेपर्यंत, अशा मुदती ती ग्राहकाच्या कराराच्या मुदतीशेजारी मांडते, त्या कोणी दिल्या आहेत ते पाहते, आणि मग ठरविते.